पेटी विलायतेला चालली

“पेटी तुमची, कापूस तुमचा, आणि लंडनपर्यंतचं भाडं सरकारचं,” कारकुनाने सांगितलं, आणि अकोल्याच्या कचेरीपुढे जमलेले सगळे कापसाचे व्यापारी एकदम आपापल्या जोड्यांकडे बघू लागले.

सरकार भाडं भरतंय? म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

विलायतेत म्हणे साऱ्या जगाचं प्रदर्शन भरणार होतं. देशोदेशीचे व्यापारी आपला सरस माल तिथे मांडणार, पंच तो पारखणार आणि उत्तम ठरेल त्याला पदक देणार. अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस बंद झाल्यापासून विलायतेतल्या गिरण्या कापसासाठी वखवखल्या होत्या. तेव्हा वऱ्हाडातल्या प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याने एकेक पेटी द्यायचीच, असा साहेबाचा हुकूम सुटला होता. झाकणावर नाव, बापाचं नाव, गाव. आत चिठ्ठी, की वर्षाचा माल किती आणि भाव काय.

माल किती आणि भाव काय! अमरावतीच्या वामनरावांनी कान टवकारले. मुंबईकडे कमाईवर नवा कर बसल्याचं त्यांच्या कानावर होतं. प्रदर्शन कसलं, हा तर वऱ्हाडाची कमाई मोजायचा डाव.

“काय वामनराव, पाठवता ना पेटी?” शेजारून आवाज आला. अकोल्याच्या जुन्या शहरातला शालिकराम. वऱ्हाडात सगळ्यात पांढरा कापूस कोणाचा, यावरून या दोघांचं बाजारात दरसाल वाजायचं.

“पाठवतो ना जी. सरकारचं काम हाय. अन् तुमी?”

“म्या तं आजच भरतो.” शालिकराम गोड हसला. मग उगाच आभाळाकडे बघत म्हणाला, “तुमच्या वडलांची याद आली, पाहा. लय मोठा माणूस. काय नाव होतं जी त्याइचं? जिभेवर हाय, पण येऊन नाई राहिलं.”

“भगवंतराव.” वामनरावांना तर गुदगुल्याच झाल्या. हा विषय कसा काढावा, हाच त्यांना घोर पडला होता. “अन् तुमच्या वडलांचं?”

“नत्थुजी.”

सारा रस्ता वामनराव बैलगाडीत शीळ घालत आले.

घरी आल्या आल्या त्यांनी पेटी पुढे ओढली, काळा रंग कालवला आणि झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं: शालिकराम नत्थुजी, अकोला.

त्यांची बायको वच्छला कापूस निवडत बसली होती. तिचा हात थांबला. “आपल्या घरचा कापूस अन् नाव त्याचं? तुमाले ऊन तं नाई ना लागलं?”

“कर बसन तं त्याच्यावर बसन.”

“मंग कचरा भरा ना. हा भातकुलीच्या वावरातला कापूस काहून घालून राहिले?”

“अवो, माल जेवढा चांगला, तेवढा कर दांडगा.” चिठ्ठीत त्यांनी शालिकरामाचा माल होता त्याच्या तिप्पट लिहिला, आणि वर भावही चढवला.

“अन् पदक भेटलं तं?”

“कसलं पदक? प्रदर्शन-फिदर्शन काई नाई, बाई.”

पेटी गेली. साल उलटलं. वऱ्हाडात कर काही आला नाही. आली ती बातमी: प्रदर्शन खरंच भरलंय, काचेच्या कपाटांत वऱ्हाडचा कापूस मांडलाय आणि लोक रांगा लावून बघतायत.

वामनरावांना जेवण गोड लागेना. आपल्या कापसावर शालिकरामाला पदक? तो तर ते गळ्यात घालून बाजारभर फिरेल. शेवटी ते अंबादेवीला गेले, डोळे मिटले आणि नारळ बोलले, “आई, माहा कापूस पडू दे.”

अंबादेवीनेही असलं मागणं पहिल्यांदाच ऐकलं असेल.

दिवाळीच्या आधी कचेरीतला शिपाई दारात उभा राहिला. हातात मखमलीची डबी, आत पदक. शिपायाने नाव वाचलं, “वामनराव भगवंतराव, अमरावती.”

वामनरावांनी वळून वच्छलेकडे पाहिलं. निघायच्या आधी रातभर पेटी तिच्याच कोठीत होती. बाईने गुपचूप झाकण पुसून खरं नाव घातलं तर!

“तूच ना?”

“म्या काय केलं जी?”

“काई बोलू नको. समजलं मले.” त्यांचे डोळे भरून आले. त्याच दिवशी त्यांनी सोनाराला बोलावून तिला पाटल्या करायला टाकल्या. ती बिचारी गोंधळली, पण पाटल्यांना कोण नाही म्हणतं?

अंबादेवीपुढे नारळ फोडून वामनराव हळूच म्हणाले, “बरं झालं आई, तुया ध्यानात नाई राह्यलं.”

मग काय, मांडव पडला, पंगती उठल्या. मुंबईचा एक दलाल खास आला आणि या नावाचा सगळा कापूस चढ्या भावाने घ्यायचं कबूल करून गेला. वामनराव प्रत्येकाला भातकुलीच्या मातीचा गुण सांगत होते. शालिकरामाला तर त्यांनी मुद्दाम गाडी पाठवून आणवलं होतं.

“शालिकरामजी, चार माणसांसमोर सांगा. वऱ्हाडात सगळ्यात पांढरा कापूस कोणाचा?”

शालिकरामाने पदक हातात घेतलं. बोटाने पुसलं. “हा कापूस. याच्यासारखा दुसरा नाई. म्या तं सालोसाल हेच सांगून राहिलो.”

मंडळींनी माना डोलावल्या. वामनरावांनी छाती फुगवली, आणि मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. “डोळ्यात पाणी काहून जी? होते असं. पुढच्या बारीले तुमचाही नंबर लागन.”

शालिकरामाने त्यांना मांडवाच्या कडेला नेलं, पदक परत त्यांच्या हातात ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, “वामनराव, त्या साली कराच्या भेवानं म्या माह्या पेटीवर तुमचं नाव घातलं होतं.”