हिरवी खूण

सुहृदने बटण दाबल्या दाबल्या 'मागणी पोचली' अशी हिरवी खूण उमटली आणि इरावतीच्या कपाळावर आठी पडली. रक्तपेढीच्या वेबसाइटचा सर्व्हर ती सांभाळायची. तो इतक्या चटकन उत्तर देत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ही खूण दाखवली कुणी?

तिने इंटरनेटची वायर उपसली. "आता दाब."

वेबसाइटचं पडद्यावर दिसणारं सगळं काम सुहृदचं होतं. त्याने बटण दाबलं. हिरवी खूण पुन्हा उमटली, तितक्याच ऐटीत.

"हे धादांत खोटं आहे, सुहृद! पेशंटचा माणूस ही खूण बघून निश्चिंत होणार आणि माझ्या सर्व्हरला मागणीचा पत्ताच नसणार."

"लोकांना ताटकळायला आवडत नाही, ताई. मागणी शेवटी पोचतेच, म्हणून पानाच्या जावास्क्रिप्ट कोडमधून आधीच सांगून टाकतो." त्याचा चेहरा उतरला होता. "बदलतो. सर्व्हर 'मिळाली' म्हणेपर्यंत खूण नाही." मग त्याने चाचरत विचारलं, "पण तुमचा सर्व्हर 'मिळाली' कधी म्हणतो? मागणी डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावर, की त्याआधीच?"

"लिहून झाल्यावरच!" ती फाडकन म्हणाली.

वायर परत खोचता खोचता तिचा हात थबकला. सर्व्हरचा तो कोड तिने वर्षभरात उघडूनही बघितला नव्हता. न तपासताच उत्तर देऊन आत्ता हिरवी खूण तिनेच दाखवली होती.