अठरा करारनामे

वकीलबाईंनी लग्नाचा पुरावा मागितला, तेव्हा शिवणवालीनं नुसती मान हलवली. लग्नच झालं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मग नवराबायकोसारखे राहिल्याचा तरी?"

"अठरा वर्षं राहिलोय. अजून काय हवं?"

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तो कचेरीबाहेर बसून लोकांचे करारनामे टाइप करून द्यायचा. घर त्याचं. तिनं लग्नाचा विषय काढला, की टंकलेखक म्हणे, कागदानं का माणसं जवळ येतात? कागदावर पोट भरणाऱ्यानं हे सांगावं आणि तिनं ते खरं मानावं! आता त्याला दुसरीशी लग्न करायचं होतं, तेही अगदी रीतसर. शिवणवालीला त्यानं महिनाअखेर घर सोडायला सांगितलं होतं. बावन्नाव्या वर्षी तिला जायला दुसरं दार नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या, शेजाऱ्यांनी तुम्हाला नवराबायको म्हणून ओळखल्याचं सांगितलं, तर कोर्ट कदाचित राहायचा हक्क देईल. ती जिन्यातल्या प्रत्येक दाराशी गेली. जिच्याकडून सगळ्यांनी फुकटात उसवलेलं शिवून घेतलं होतं, तिला पाहून एकेकीला कामं आठवली. गरज सरो, वैद्य मरो. एका म्हातारीनं तेवढं खरं सांगितलं, की आम्ही तुला त्याची बायकोच समजत होतो, पण कोर्टात नको गं बाई.

एक गोष्ट तिनं वकीलबाईंपासूनही लपवली होती. दर वर्षी तो एक कागद टाइप करून तिची सही घ्यायचा. त्यात ती मागच्या खोलीतली भाडेकरू होती, आणि भाड्यापोटी घरात राहणाऱ्या सगळ्यांचा दोन वेळचा स्वयंपाक, धुणं, केरवारा तिनं करायचा होता. उद्या मला काही झालं तर तू इथं का राहतेस असं कुणी विचारायला नको, असं त्याचं म्हणणं. पहिल्या वर्षी दोघं त्यावर पोट धरून हसले. पुढं हसणं थांबलं, सह्या चालू राहिल्या. असे अठरा कागद त्याच्याजवळ होते. ते बाहेर आले की आपण संपलो, हे तिला कळत होतं. आपल्या भोळेपणाची तिला लाजही वाटत होती.

सुनावणीला त्यानं ते बाहेर काढलेच.

"बायको कसली, साहेब? ह्या बाई भाडेकरू आहेत."

न्यायाधीशांनी अठराच्या अठरा कागद सावकाश वाचले. मग विचारलं, ह्यांचं भाडं कधी थकलं होतं का?

"एक दिवसही नाही," तो ठासून म्हणाला.

न्यायाधीश म्हणाले, बायको म्हणून बाईंचा हक्क काही सिद्ध होत नाही. पण इतकी वर्षं चोख भाडं देणाऱ्या भाडेकरूला असं बाहेर काढता येत नाही. करारात लिहिलेलं भाडं त्या देत राहतील, तोवर मागची खोली त्यांची.

टंकलेखकाचा चेहरा पडला. यानं स्वतःच्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, असं वकीलबाई पुटपुटल्या आणि हसल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा शिवणवालीला तो माणूस लहान वाटला. घरी येऊन तिनं मागच्या खोलीचं दार आतून लावलं आणि आनंदानं पोटभर रडून घेतलं.

दोन आठवड्यांनी तो लग्न करून आला. नव्या बायकोबरोबर तिचे आईवडीलही सामान घेऊन कायमचे राहायला आले. सगळे पुढच्या खोलीत टेकले. थोड्या वेळानं त्यानं मागच्या दारावर टकटक केली. आवाजात राग अजिबात नव्हता.

"एक दिवस जरी चुकलं तरी खोली जाते, वकिलाला विचारून आलोय," तो म्हणाला. "आजपासून भाडं चौघांचं."