चुंबकाची खोली

चौसष्ट सालच्या एका दुपारी सहा महिन्यांची पोरगी कडेवर घेऊन जमुना अमरावतीच्या कॉलेजात, नवऱ्याच्या, देवमनच्या प्रयोगशाळेपाशी पोचली. दाराबाहेरच्या टेबलावर त्याचं घड्याळ होतं आणि त्याला खेटून, त्याच्याकडे संशोधन करणाऱ्या मिस इंगोलेचे केसांतले आकडे. आत अंधार. महिनाभर धुमसत होतं ते भडकलं. तिनं दार ढकललं.

"वहिनी, लोखंड बाहेर ठेवा," केस मोकळे सुटलेली मिस इंगोले म्हणाली. "चुंबक ओढते."

लष्करी भंगारातल्या रडारपासून जुळवलेलं मायक्रोवेव्हचं यंत्र, भला मोठा चुंबक आणि त्यात जांभळ्या उजेडानं चमकणारी काचेची नळी.

"उजेडानं रेणू तुटते. ते तुटलेले तुकडे आमी यात पकडून राहिलो," यंत्रापुढच्या स्टुलावर बसलेला देवमन म्हणाला. "तू जाय घरी. तुले नाई समजनार."

रसायनशास्त्रात विद्यापीठात दुसरी आलेल्या जमुनानं बांगड्यांतल्या पिना काढून बाहेर ठेवल्या आणि पोरगी त्याच्या हातात दिली.

"हिले घरी न्या, दूध पाजा. रीडिंग मी घेते."

"मिस इंगोलेचा एवढा राग?" तो पुटपुटला.

"तिचा काहून येईन? मी तं तुमच्या स्टुलावर जळून राहिली."