अ.पा.क. धनवंता

“सेहेचाळीस वर्षांचा माणूस अज्ञान कसा राहीन, मॅडम?” खुमेंद्रने सातबारा टेबलावर आपटला.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सातबारा दुरुस्तीचं शिबिर होतं. लाइन गेलेली. तलाठी मॅडमच्या लॅपटॉपची बॅटरी एकोणीस टक्क्यांवर आली होती, आणि रांग दाराबाहेर.

“कागदावर आहात,” मॅडम म्हणाल्या. “हे बघा. खुमेंद्र शालीकराम, अ.पा.क. धनवंता. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे मालक अठरा वर्षांच्या आतला आहे, त्याच्या वतीने धनवंताबाई सही करणार. अठरा झाल्यावर अर्ज करून हा शेरा काढायचा असतो. तुम्ही काढलाच नाही.”

“कोणी सांगतलंच नाई.”

“मिशीले पांढरं आलं, अन् हा अजून पाळण्यात हाय,” मागून जागेश्वर म्हणाला. रांग हसली.

धनवंता शेजारच्या खुर्चीत बसली होती. शालीकरामची बहीण, खुमेंद्रची फुफू. खुमेंद्र चार वर्षांचा असताना त्याचे आई-बाप एकाच साली गेले. सासर सोडून माहेरी आलेल्या फुफूनं त्याला वाढवलं. अजून वाढवतच होती. आताही भर हॉलमध्ये तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

“बाबू, पयले पाणी पे. चिल्लावू नको.”

त्यानं डोकं बाजूला घेतलं. याचाच तर त्याला वैताग होता. दर हंगामात सरकारी धान खरेदी केंद्रावर त्याचे कट्टे, धानाची पोती, अडायचे. मालक अज्ञान आहे, पालनकर्त्याला आणा. मग फुफूला मोटारसायकलवर बसवून न्यायचं. तिचा झिजलेला अंगठा मशीन घ्यायची नाही. पाचदा पुसायचा, सहादा लावायचा. हमाल बिड्या ओढत तमाशा बघायचे. यंदा उन्हाळी धानाचे ऐंशी कट्टे तीन दिवसांपासून केंद्राच्या आवारात उघड्यावर पडले होते, आणि उद्या खरेदीचा शेवटचा दिवस.

उपाय सोपा होता. पालनकर्त्यानं एका जबाबावर अंगठा द्यायचा. मुलगा मोठा झाला, माझं काम संपलं. बस, एवढंच.

आणि धनवंता अंगठा देत नव्हती.

“काऊन नाई देत, फुफू?”

“माझं नाव जाईन.”

“जाईनच ना! त्याच्यासाठीच तं आलो.”

“मंग मी कुठं राहू?”

“घरी! तुले घरातून कोण काढून राहिलं? कागदातून काढून राहिलो.”

“कागदातून काढल्यावर घरातून काढाले कितीक येळ लागते?”

खुमेंद्रने कपाळावर हात मारला. मागे जागेश्वर शेजाऱ्याला म्हणाला, “बुढीचा डोळा वावरावर हाय.” आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. खुमेंद्रलाही गेला. तो सातबाऱ्याची घडी घालत राहिला.

मॅडमचाही धीर सुटत चालला होता. “आजी, पालनकर्त्याला जमिनीत हक्क नसतो. नाव फक्त देखरेखीपुरतं आहे. ते राहिलं तरी तुम्हाला काही मिळणार नाही.”

“मले का मिळाचं हाय, माय?” धनवंता म्हणाली. “सासरच्या कागदात मी नाई. इथं बाबूच्या बाजूले तेवढी लिवली आहो.”

मॅडमनी उसासा टाकला. शेरा कोणत्या नोंदीनं लागला, ते लिहावं लागणार होतं. त्यांनी जुना फेरफार उघडला. जमिनीत झालेला प्रत्येक बदल ज्यात टिपलेला असतो, ते रजिस्टर. पान पिवळं, अक्षर बारीक. घाईघाईनं त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

“सन एकोणीसशे त्र्याऐंशी. खातेदार शालीकराम व बहीण धनवंता, निमे-निम. शालीकराम मयत. वारस मुलगा खुमेंद्र, वय चार...”

मॅडमचा आवाज संथ झाला.

“धनवंता हिने आपल्या निम्म्या हिश्श्याचा हक्कसोड भाच्याचे लाभात करून दिला. जबाब दिला की, पोर मोठे झाल्यावर त्याचे वावरात कोणी वाटेकरी नको. सबब संपूर्ण क्षेत्रास खुमेंद्रचे नाव लावले. अज्ञान पालनकर्ता, धनवंता.”

हक्कसोड म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. त्या हॉलमध्ये तो शब्द सगळ्यांना ठाऊक होता. जवळजवळ प्रत्येकाच्या बहिणीनं तो करून दिला होता. जागेश्वर बाहेर उन्हात बघत राहिला.

“फुफू,” खुमेंद्र तिच्याकडे वळला, “आधं वावर तुझं होतं?”

“होतं.”

“मले सांगतलं काऊन नाई?”

“लेकराले देलेलं लेकराले सांगतेत का?”

“बॅटरी सहा टक्के आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “काय करायचं ते आता सांगा. अंगठा नसेल तर शेरा तसाच राहील. उद्या केंद्रावर पुन्हा तेच.”

धनवंतानं खुमेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी रडण्याआधी व्हायचं, तसं ते झालं होतं. तिला वाटलं, चिडला. तिनं आपणहून शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागद जवळ ओढला.

“घे बाबू. नको चिडू. माझं काम संपलं म्हणून लिव.”

अंगठा टेकणार, तोच खुमेंद्रने तिचं मनगट धरलं. निळी शाई त्याच्या पांढऱ्या बाहीला लागली.

“उद्या केंद्रावर आमी दोघं जाऊ, मॅडम,” तो म्हणाला. “हा नाव कमी कराचा कागद वापस घ्या. आध्या वावरावर फुफूचं नाव चढवाचा द्या.”