हजाराव्या लेखाची हजेरी

श्रीवर्धनच्या राजकारणावर मी आणि महनूर चालवतो त्या ब्लॉगचा हजारावा लेख झाला, म्हणून सुपारीच्या वाडीत वाचकांना दुपारी जेवायला बोलावलं होतं. आभार मानताना महनूर जुन्या वाचकांची नावं वाचत होती. ज्याचं नाव येई, तो हसत "हजर" म्हणे.

"सिराजुद्दीनचाचा," तिनं वाचलं आणि कागद खाली केला. चाचांचा मे महिन्यात इंतकाल झाला होता. सगळे श्रद्धांजलीसाठी उभे राहिले.

"हजर."

मागच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. चाचांचाच.

मी महनूरचा हात धरला. तो गार पडला होता.

"पुढचं नाव वाच, बेटी," तोच आवाज म्हणाला.

महनूरनं कागदाकडे पाहिलं. यादीत तिनं फक्त वाचकांची नावं लिहिली होती. आता पुढं तिचं स्वतःचं नाव होतं, तिच्याच अक्षरात.