दरीवरचा दोर

“लग्न झालेल्यांनी बाजूला व्हा,” उस्तादांनी फर्मावलं. १९१४ सालच्या उन्हाळी व्यायाम शिबिराचा तो शेवटचा दिवस होता आणि तरुणांना दोराला लोंबकळत दरी पार करायची होती.

त्र्यंबकानं खाली डोकावून पाहिलं आणि तो मुकाट्यानं बाजूला झाला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या जिवलग मित्राचं, अच्युताचं, मात्र माघातच झालं होतं. तरी अच्युत रांगेतून हलला नाही. उस्तादांना सांगावं, असं त्र्यंबकाच्या ओठांवर आलं. पण मग त्याचंही बिंग फुटलं असतं.

अच्युत सुखरूप पोचला.

दुपारी राहुटीत त्र्यंबक मान खाली घालून त्याच्या सोललेल्या तळव्यांना तूप लावत बसला. अच्युतानं दोन्ही हातांना लावून घेतलं आणि मग विचारलं, “काय रे, वहिनींचं नाव काय ठेवलंस?”