भिंतीवरचं दार

लेकीच्या होणाऱ्या सासरी चहाचा कप हातात घेतला आणि समोरच्या भिंतीवर, चौकटीत, ते दार दिसलं. जुन्या फ्रेंच हवेलीच्या भव्य प्रवेशद्वाराचं छापचित्र. कोपऱ्यात पेन्सिलीने हलकेच घातलेला ग्रंथालयाचा पुसट क्रमांक, माझ्याच हातचा. आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकातून हेच पान कुणीतरी कापून नेलं होतं. ग्रंथपाल म्हणून मी शिपायावर संशय घेतला आणि त्याची नोकरी गेली.

आता बोललो, तर ठरलेलं लग्न मोडेल. गप्प बसलो, तर चोराच्या घरी लेक द्यायची. मी कप बशीवर ठेवला.

"आवडलं ना, व्याहीबुवा?" लेकीचे होणारे सासरे हसले. "आमच्या होणाऱ्या सूनबाईंनीच दिलंय. तुमच्या ग्रंथालयाच्या रद्दीत मिळालं म्हणे."

"बाबा, चहा निवतोय," लेक म्हणाली. तिने भिंतीकडे पाहिलंच नाही.